खांद्याचें दुखणें व मानेची ठेवण

मुलाचा खांदा दुखूं लागला म्हणजे घरीं बाम चोळतात, शेक देतात, आणि आठवड्यानें तें दुखणें पुन्हां डोकें वर काढतें. आमच्या मतें अशा वेळीं खांद्याआधीं मान व कणा पाहावा.

शरीराची रचनाच तशी आहे. खांद्याचा फरा कण्यास हाडानें सरळ जोडलेला नाहीं. त्यास कण्याशीं बांधतात ते स्नायू, आणि त्यांतील कित्येक मानेपासून खालीं उतरतात. खांद्यास व हातास जाणारे मज्जातंतूहि मानेंतूनच निघतात. मोठ्या माणसाचें डोकें सुमारें ५ किलो भरतें. तें पुढें कललें कीं ह्या स्नायूंस तें सतत आवरून धरावें लागतें. वाचकांनीं आतांच प्रयोग करावा: पोक काढून हात वर न्यावा, मग ताठ बसून न्यावा. पहिल्या खेपेस हात लवकर अडतो. अर्थात् वांकून बसणाऱ्या प्रत्येकाचा खांदा दुखतोच असें नाहीं.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत पुष्कळ मुलें खेड्यांतून एस. टी. नें शाळेस येतात व गर्दींत दप्तर एकाच खांद्यास अडकवून उभीं राहतात. तो खांदा वर चढतो, कणा दुसऱ्या अंगास झुकतो. डोक्यावर घागर घेणाऱ्या बाईचा भार निदान कण्याच्या ओळींत तरी असतो. (तिचीहि मान दुखते; पण तिला विचारतो कोण?)

दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जड नसावें, असें महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं ठरविलें. म्हणजे ३० किलोच्या मुलास ३ किलो. असें असतां २०१६ च्या ऑगस्टांत चंद्रपूरच्या सातवींतील दोन मुलांस ह्याच ओझ्यासाठीं पत्रकारांस बोलवावें लागलें. मोठ्यांचें काम मुलांवर पडावें, हें आम्हांस मुळींच शोभत नाहीं. प्रत्येक शाळेनें दारीं वजनकांटा ठेवावा. पालकांनीं रात्रीं वेळापत्रक पाहून दप्तर भरवून घ्यावें, आणि त्याचे दोन्ही पट्टे खांद्यांवर येतात कीं नाहीं हें सकाळीं पाहावें.

मोबाइल मांडीवर ठेवून तासन्तास मान वांकविणाऱ्यास नुसतें "ताठ बस" म्हणून ओरडण्यांत अर्थ नाहीं. ताठ बसणेंहि फार वेळ सोसत नाहीं. अर्ध्या तासानें त्यास उठवावें, विहिरीपर्यंत चालवून आणावें. मात्र कळ हातांत उतरली, बोटांस मुंग्या आल्या किंवा पकड सैल झाली, तर घरगुती उपाय सोडून मुलास डॉक्टरांकडे न्यावें.