विक्रोळीचा गुलाबी हट्ट आणि आमचा बहावा

परवा रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. विषय क्रमांक तीन : गेटजवळचं 'वाळलेलं' झाड तोडणे. विषय क्रमांक चार : गेल्या पावसाळ्यात लावलेल्या गुलाबी टॅबेबुयाच्या बारा रोपांपैकी नऊ गेली, त्यांच्या जागी पुन्हा टॅबेबुयाच आणणे. धन्य!

हे गुलाबी वेड कुठून आलं ते तुम्हालाही माहीत असेल. विक्रोळीला ईस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या कडेला ही झाडं फुलतात, फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात, आणि आमच्या कमिटीला वाटतं की आपल्याकडेही अस्संच हवं. अहो, पण मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इथे संभाजीनगरात साधारण ७००. मूळ मध्य अमेरिकेतलं झाड, पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालायलाच लागतं. जायकवाडी इतकी जवळ असून नळाची वाट बघत मोठे झालेलो आपण, आणि टँकर मागवून फोटोसाठी झाडं जगवायची?

देशी-परदेशी भांडण मला करायचं नाहीये. गुलमोहर मादागास्करचा, पण आपल्या उन्हात मजेत वाढतो (फांद्या ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात खाली गाडी लावू नका). उलट तामण आपलं राज्यफूल, पण ते कोकणातल्या ओढ्याकाठचं. इथे त्यालाही टँकर लागेल.

आणि ते 'वाळलेलं' झाड? बहावा आहे तो! उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळतो आणि एप्रिल-मेमध्ये पिवळाधम्मक होतो, तेही मुरमाड जमिनीत, कुणी तांब्याभर पाणी न घालता. पिवळसर फुलपाखरं त्याच्या पानांवर अंडी घालतात, शेंगेतला गर आयुर्वेदात रेचक म्हणून वापरतात. शिवाय १९७५ च्या कायद्याप्रमाणे शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, हेही मी मीटिंगमध्ये सांगितलं. चहा थंड झाला सगळ्यांचा.

नऊ खड्डे रिकामे आहेत ना? बहावा आणि पळस लावा. बहाव्याचं बी टणक, कवच जरा घासून रात्रभर पाण्यात ठेवायचं, मग पेरायचं. पळसाचं सोटमूळ खोल जातं, म्हणून तो लहान असतानाच जागेवर लावायचा. "फुलं यायला किती वर्षं लागतील?" एका काकांनी विचारलं. लागतील काही वर्षं. होमलोन वीस वर्षांचं घेताना विचारलं होतं का?

असो. विषय तीनला महिनाभराची मुदत मिळाली आहे. काल बहाव्याच्या फांद्यांवर हिरव्या कळ्यांचे घोस दिसले, लगेच फोटो ग्रुपवर टाकला. सेक्रेटरीकाकांची ब्लू टिक अजून आलेली नाही.