योद्धा नको, कामगार म्हणा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टरांना ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणतात, परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणतात, आणि फरशी पुसणाऱ्या, बेडपॅन उचलणाऱ्या, मयत बांधणाऱ्या बाईला ‘मावशी’ म्हणतात. पुरुष असेल तर ‘मामा’. वर्षानुवर्षे एकाच वॉर्डात काम करूनही तिचे नाव, आडनाव, हुद्दा कोणी विचारत नाही. शब्द प्रेमाचा आहे, पण मावशीला पगाराची स्लिप नसते आणि मावशीचा ओव्हरटाइम कोणी मोजत नाही.

कोरोनाच्या काळात वस्तीत रेशनचे किट वाटताना अशाच एका मावशींशी आमचे बोलणे झाले. कोविड वॉर्डात त्या कंत्राटावर सफाईचे काम करत होत्या. ड्युटीवरून आल्या की अर्धा-पाऊण तास दाराबाहेरच बसत. नातवंडे आतून बघत, पण जवळ येऊ द्यायचे नाही. आम्ही विचारले, “मावशी, भीती वाटते का?” त्या म्हणाल्या, “पहिले वाटायची. आता काहीच वाटत नाही रे. बॉडी बांधायची, हात धुवायचे, चहा प्यायचा. रडायला पण येत नाही.” एकाने त्यांना समुपदेशनाच्या हेल्पलाइनचा नंबर दिला. त्या हसल्या. “नंबर आहे बाबा. सुट्टी कुठंय? एक खाडा पडला की पैसे कापतात.”

मावशी जे सांगत होत्या त्याला इंग्रजी वर्तमानपत्रे ‘बर्नआउट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची व्याख्या दिली. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की तीन गोष्टी होतात. माणसाची शक्ती संपते, कामाबद्दल मन कोरडे पडते, आणि आपल्या हातून काही चांगले होते आहे हा विश्वास जातो. महत्त्वाचे म्हणजे, संघटनेने त्याला आजार म्हटलेले नाही, कामाशी जोडलेली स्थिती म्हटले आहे. म्हणजे दोष माणसाच्या मनात शोधायचा नाही, कामाच्या रचनेत शोधायचा. तरीही सल्ला मात्र मनालाच दिला जातो. प्राणायाम करा, सकारात्मक राहा. खाडा पडला की पैसे कापणाऱ्या ठेकेदाराला कोणी प्राणायाम सांगत नाही.

आमचे म्हणणे साधे आहे. महामारीत आरोग्य कर्मचारी खचले ते केवळ विषाणूमुळे नाही. त्यांना सगळे काही म्हटले गेले, फक्त कामगार म्हटले गेले नाही. शब्दांचा हा खेळ निष्पाप नाही.

पहिला शब्द ‘योद्धा’. २२ मार्च २०२० रोजी थाळ्या वाजल्या. ३ मे रोजी सैन्यदलांच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुले टाकली. योद्ध्याला सलामी असते, हौतात्म्य असते. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, नेमणूकपत्र या गोष्टी योद्ध्याने मागायच्या नसतात. मागितल्या तर तो रणातून पळाला असे म्हणता येते. केंद्राने ५० लाखांचा विमा जाहीर केला, त्यात सफाई कर्मचारी, आशा, कंत्राटी कामगार सगळे कागदावर होते. पण तो विमा मरणाचा होता, थकण्याचा नव्हता. शिवाय मृत व्यक्ती कोविडच्या कामावर होती, हे संस्थेने लिहून द्यायचे होते. ज्याच्याकडे नेमणुकीचाच कागद नाही, त्याच्या घरच्यांनी ते लिहून कोणाकडून आणायचे? आणि सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने संसदेत काय सांगितले? किती आरोग्य कर्मचारी कोविडने गेले याची आकडेवारी केंद्र पातळीवर ठेवली जात नाही, कारण आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. फुले टाकताना मात्र तो राज्यांचा विषय नव्हता.

दुसरा शब्द ‘स्वयंसेविका’. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताई आल्या. महाराष्ट्रात त्या सुमारे ७० हजार. घरोघर जाऊन ताप मोजणे, ऑक्सिजन तपासणे, बाहेरून आलेल्यांची यादी करणे, लोकांच्या शिव्या खाणे, हे सगळे त्यांनी केले. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत त्याच उंबरे झिजवत होत्या. त्यांच्या स्वतःच्या कुटुंबाची जबाबदारी कोणाची, हे मोहिमेत लिहिलेले नव्हते. कोविडच्या कामासाठी केंद्राकडून महिन्याला जादा १,००० रुपये. स्वयंसेविका म्हटले की किमान वेतन लागू होत नाही, मानधन लागू होते. योजनांवरील कर्मचाऱ्यांना कामगार माना, ही शिफारस २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने केलेली आहे. ती धूळ खात पडली. शेवटी जून २०२१ मध्ये आशाताईंना संपावर जावे लागले, तेव्हा कुठे थोडी वाढ मिळाली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. गौरव आला, कामगाराचा दर्जा आला नाही.

तिसरा शब्द ‘मावशी’. तिथे तर दर्जाचा प्रश्नच येत नाही. कंत्राटाच्या जाहिरातीत जात लिहिलेली नसते, पण सफाईचा हजेरीपट उघडा आणि आडनावे वाचा. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले की जात ही कामाची विभागणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची. कोविड वॉर्ड या विभागणीचा आरसा होता. विषाणू सगळ्यांना सारखा होता. पण चांगले पीपीई किट वरून खाली येता येता संपत होते, आणि कोविडच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या शेवटी मावशींच्याच हातात येत होत्या. थकवासुद्धा उतरंडीने वाटला गेला. वरच्याच्या थकव्याला नाव मिळाले, लेख मिळाले, चर्चासत्र मिळाले. खालच्याचा थकवा ‘यांना सवय असते’ या तीन शब्दांत संपला.

काही जण म्हणतील, डॉक्टरही थकले, यात जात कशाला आणता? डॉक्टर थकले हे आम्हालाही दिसते. निवासी डॉक्टरांच्या सलग ड्युट्या अमानुष होत्या, पीपीईमध्ये पाणी न पिता, लघवीला न जाता, पाळीच्या दिवसांतही तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या परिचारिकांचे हाल आम्ही ऐकले आहेत. आम्ही थकव्याची स्पर्धा लावत नाही. पण एक गोष्ट आठवा. महामारीच्या सुरुवातीला घरमालक डॉक्टर-परिचारिकांना घरे खाली करायला सांगत होते, शेजारी जिन्यात अडवत होते. त्याविरुद्ध २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश आला, गंभीर हल्ल्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा. अध्यादेश योग्यच होता. थाळ्या वाजून तेव्हा बरोबर एक महिना झाला होता. सफाई करणाऱ्यांना शिवून न घेणे हजारो वर्षे चालले. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता संपवली, तरी तिच्यासाठी गुन्ह्याचा कायदा यायला १९५५ उजाडले. ज्याला एक महिना वाळीत टाकलेले असह्य झाले, त्याने आयुष्यभर वाळीत असलेल्या सहकाऱ्याकडे आता तरी बघावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता थोडे आपल्याबद्दलही. १० मार्चला आपण सगळे सावित्रीमाईंचा फोटो टाकतो. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातल्या लेकराला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखाना गाठला आणि त्याच साथीत प्राण सोडला. आपल्याला त्याचा अभिमान आहे. पण हे उदाहरण आपण कोणासमोर ठेवतो? पगार थकलेल्या मावशीसमोर त्यागाचा धडा म्हणून ठेवत असू, तर आपणही थाळीच वाजवतो आहोत. माईंनी स्वतःहून केलेला त्याग वेगळा. सरकारने आणि ठेकेदाराने करवून घेतलेला त्याग म्हणजे वेठबिगार. महारकीच्या वतनाविरुद्ध बाबासाहेब लढले ते याच वेठीविरुद्ध.

बाबासाहेबांनी कामगाराला कधी त्यागाचे प्रवचन दिले नाही, कायदा दिला. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात ते बाळंतपणाच्या भरपगारी रजेच्या बाजूने उभे राहिले. ते मजूरमंत्री असतानाच कारखाने कायद्यातल्या दुरुस्तीचे विधेयक आले आणि १९४६ मध्ये कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आठ तासांनंतर घरी जाण्याचा हक्क हाच बर्नआउटवरचा पहिला इलाज आहे, आणि तो आपल्या बापाने सांगितलेला आहे.

साथ ओसरली तसे गरजेपुरते घेतलेले कंत्राटी कर्मचारी घरी पाठवले गेले. पुढची साथ येईल तेव्हा पुन्हा त्यांनाच शोधत येतील, पुन्हा फुले टाकतील. त्याआधी आपल्याला काम आहे. मुंबईत कचरा वाहतूक करणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याच्या बाजूने २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. तो दयेने मिळाला नाही, युनियनने वर्षानुवर्षे लढून मिळवला.

म्हणून वस्तीतल्या प्रत्येक तरुणाला आमची विनंती. दवाखान्यात काम करणारी जी मावशी, जो मामा तुमच्या गल्लीत राहतो, त्यांच्याकडे या आठवड्यात जा. नेमणूकपत्र आहे का, पीएफ नंबर माहीत आहे का, ईएसआय कार्ड मिळाले का, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तरे वहीत लिहा. दहा वह्या जमल्या की युनियनकडे किंवा कामगार आयुक्तांच्या कार्यालयात सोबत जा.

आणि पहिल्या पानावर त्यांचे पूर्ण नाव लिहा. मावशी नको.

जयभीम!