पायातले शिंग

लॅटिन भाषेत ‘कॉर्नू’ म्हणजे शिंग. रणशिंगालाही तोच शब्द, सैन्याच्या बगलेलाही तोच. डोळ्याचे पारदर्शक पटल शिंगासारखे चिवट, म्हणून ते ‘कॉर्निया’. तळपायाच्या कुरुपाला इंग्रजीत ‘कॉर्न’ म्हणतात, तेही याच शिंगाचे अपत्य. मक्याच्या कॉर्नशी त्याचे नाते नाही. नाव समर्पकच, कारण शिंगाच्या आवरणातील केराटिन कुरुपातही साठते. आपणांस वा घरातील वडीलधाऱ्यांस मधुमेह असेल, तर ते ब्लेडने मुळीच कापू नये. औषधी पट्टीही परस्पर लावू नये. अशा अनेक पट्ट्यांत सॅलिसिलिक आम्ल असते आणि बधिर पायाला त्याने झालेली जखम जाणवत नाही. डॉक्टरांना दाखवावे, पादत्राणही तपासावे. बोटांना दाबणारी चप्पल तशीच राहिली, तर काढलेले कुरूप पुन्हा उगवते.