आजीची तेलुगू बंद करू नका

सोलापूरच्या पूर्व भागात पोर दोन वर्षांचं होऊनही बोलेना, की एक सल्ला हमखास मिळतो : 'घरात एकच भाषा ठेवा. तुमच्याकडे तेलुगू, मराठी, हिंदी सगळं एकदम चालतं, पोर गोंधळलंय.' शेजारी सांगतात, बालवाडीच्या बाई सांगतात, कधी डॉक्टरही सांगतात. मग आजीला मोडकंतोडकं मराठी बोलायला लावतात, नाहीतर अख्खं घर 'बनाना खा, वॉटर पी' यावर येतं. हा सल्ला साफ चुकीचा आहे आणि तो पोराच्याच मुळावर येतो.

गोंधळ म्हणतात तो नेमका कुठला? विड्या वळत बसलेल्या आजीकडे पोर 'नीळ्ळु दे' म्हणून पाणी मागतं. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. तेच पोर शेजारच्या मराठी मावशीकडे 'पाणी दे' म्हणतं. कुणाला काय कळतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. अशी सरमिसळ चाटी गल्लीतले दुकानदारही दिवसभर करतात, त्यांना कुणी उपचाराला पाठवत नाही.

पहिला शब्द वर्षाच्या आसपास, दोन शब्दांची जोडणी दोन वर्षांच्या सुमाराला, हा क्रम दोन भाषांच्या घरातही साधारण तसाच असतो. चूक होते ती मोजण्यात. पोराला वीस शब्द तेलुगूत आणि पंचवीस मराठीत येत असतील, आणि आपण मराठीच तेवढे मोजले, तर ते मागे पडलेलं दिसणारच. 'ज्याला मुळातच अडचण आहे त्याच्यावर दुहेरी ओझं नको,' हा आक्षेप मात्र कळकळीचा असतो. पण डाऊन सिंड्रोम असलेल्या द्विभाषिक मुलांचा कॅनडात अभ्यास झाला, तेव्हा तीच अवस्था असलेल्या एकभाषिक मुलांपेक्षा ती मागे आढळली नाहीत.

उलट भाषा कानावर पडायची थांबली तर तोटाच होतो. बाळाचा कान काय राखतो, हे जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी 1984 साली दाखवलं. इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतला 'त' आणि 'ट' वेगळा ओळखत होती; वर्षाची होता होता बहुतेकांची ती ओळख पुसली, कारण तो फरक त्यांच्या कानांवर पडतच नव्हता. पुढे 2003 मध्ये संशोधक पॅट्रिशिया कुल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी ऐकवलं. समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून बाळं त्या भाषेतले ध्वनी शिकली, पडद्यावरच्या त्याच बोलण्यातून काहीच शिकली नाहीत. म्हणजे आजीला गप्प करून पोराच्या हाती इंग्रजी गाण्यांचा मोबाइल देणं हा दुहेरी तोटा आहे.

म्हणून माझं सांगणं असं : ज्या भाषेत तुम्हाला रागावता येतं, लाड करता येतात, गोष्ट रंगवता येते, त्याच भाषेत पोराशी बोला. उसन्या भाषेत आईबाप पाच-पंचवीस नावांपलीकडे जात नाहीत; गोष्ट, चिडवाचिडवी, समजूत घालणं, सगळं आटतं. पोर जिकडे बघतंय तिकडचं बोला. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, गड्ड्याच्या जत्रेत पाळणे लागतात. खांद्यावरचं पोर बोट दाखवून 'ऊं' करतं. 'चल पुढे' म्हणू नका. 'पाळणा! केवढा उंच गेला बघ,' म्हणा आणि थांबा. त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो. ते नुसतं 'पा' म्हणालं, तरी ते उत्तरच आहे. 'हो, पाळणा, खाली आला' म्हणून पुढे न्या. 'नीट म्हण, पा-ळ-णा' असा धडा घेऊ नका. घरातच यंत्रमाग असेल तर गप्पांसाठी त्या खडखडाटापासून लांब बसा, आणि कुणी बघत नसलेला टीव्ही बंद ठेवा.

उशीर मात्र खरा असू शकतो. 'याचा बापही उशिरा बोलला' म्हणून वर्ष घालवणं, जिभेला वेखंड चोळत बसणं, हेही तितकंच घातक. वर्षाचं पोर हाक मारल्यावर वळत नसेल, सव्वा-दीड वर्षाला एकही शब्द नसेल, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नसेल, तर आधी कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ऐकण्याचा दोष आणि भाषेतला उशीर या दोन्हींची तपासणी धरलेली आहे. अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला विचारा, सरकारी रुग्णालयात जा. तिथे आजीलाही सोबत न्या, कारण पोर तेलुगूत काय काय बोलतं ते तीच सांगू शकेल.