डाळ नको बंद करू, रस्सा बंद कर

कोलकात्यात कुणाचं युरिक ॲसिड वाढलं की पहिली कुऱ्हाड मसुराच्या डाळीवर पडते. पाठोपाठ पालक, पुईशाक, भेंडी. आमच्या ह्यांचा अंगठा लालबुंद सुजला तेव्हा स्वयंपाकाच्या मासींनी लगेच फर्मान काढलं, "बौदी, दादांना डाळ बंद!" मटणाच्या रश्श्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. भवानीपुरातल्या आमच्या शेजारीपाजारी हेच चालतं आणि मला ते साफ चुकीचं वाटतं.

संशोधक ह्यॉन चोई आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ४७,१५० पुरुषांची बारा वर्षं नोंद ठेवून २००४ साली निष्कर्ष मांडले. मटणासारखं लाल मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडने सांधे सुजण्याचा हाच आजार, जास्त होत होता. ज्यातून युरिक ॲसिड बनतं ते प्युरिन असलेल्या भाज्या आणि डाळी-कडधान्यांमुळे धोका वाढलेला दिसला नाही. दूध-दही घेणाऱ्यांत तर तो कमी होता. म्हणजे ज्याच्या ताटातली डाळ आपण काढतो, त्याच्या पोटाला आधार उरतो तो नेमका माशा-मटणाचा.

प्युरिन पाण्यात उतरतं, हे स्वयंपाक करणाऱ्याने मनावर कोरून ठेवावं. मटण तासभर शिजलं की त्यातलं बरंचसं रश्श्यात येतं. आजाऱ्याला ताकद यावी म्हणून आपण प्रेमाने अळणी सूप पाजतो, ते गाऊटवाल्याला नकोच. कलेजी नको. सुकट नको, वाळवताना पाणी उडतं, प्युरिन मागेच राहतं. बंगाली घरात माशाचं मुंडकं घालून मूगडाळ करतात, तिथेही दोष डाळीचा नाही. ह्यांना मी रोहूचा एकच तुकडा देते, तोही रोज नाही. आधी उकळत्या पाण्यात शिजवते, ते पाणी सरळ मोरीत ओतते, मग कलौंजी आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीत, दुधी घालून नव्या पाण्यात एक उकळी. चव थोडी उतरते, हे खरंय. पाँचफोरनच्या फोडणीची मसुराची डाळ, पडवळाची भाजी आणि आंबट दह्याचं ताक मात्र हवं तितकं.

पावसाळ्यात इलिश मासा आला की खरी कसोटी लागते. तो हेरिंगच्या कुळातला, प्युरिनने भरलेला. सुजेच्या दिवसांत मी तो घरात आणतच नाही. मिष्टी दोई, म्हणजे गोड दही, आणि कोल्ड्रिंककडे तर कुणाचं लक्षच जात नाही. साखरेतल्या फ्रुक्टोजनेही युरिक ॲसिड वाढतं, आणि बिअरने तर वाढतंच.

एवढं करूनही नुसत्या पथ्याने आकडा थोडाच उतरतो, कारण युरिक ॲसिड ज्यातून बनतं त्यातलं सुमारे दोन तृतीयांश प्युरिन शरीर स्वतःच तयार करतं. युरिक ॲसिड रक्तात ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं की स्फटिक जमू लागतात. डॉक्टर ६ च्या खाली ठेवायला सांगतात. त्यासाठी बहुतेकांना ॲलोप्युरिनॉलसारखी गोळी लागते आणि ती ठणका थांबला म्हणून सोडायची नसते. बीपीच्या काही गोळ्यांनीही युरिक ॲसिड वाढतं, तेही डॉक्टरांना विचारावं.

डॉक्टरांना माझी एक विनंती आहे. पथ्याचा छापील कागद रुग्णाच्या हातात देताना दोन मिनिटं बाहेर बाकावर बसलेल्या बाईलाही आत बोलवा. कढईत काय पडतं ते तिलाच ठाऊक असतं, आणि त्या कागदावर पहिल्या ओळीत डाळ खोडलेली असेल तर तिला तिथेच विचारू द्या, का म्हणून.