जामीन राहिलेला भाऊ

‘झाले गेले गंगेला मिळाले’ असे आपण म्हणतो. भांडण मिटवायला या म्हणीसारखे औषध नाही. पण नीट पाहिले तर ज्याचे नुकसान झाले तो ही म्हण सहसा वापरत नाही. ज्याच्या हातून नुकसान झाले तोच वापरतो. मी तीन तपे बँकेत काढली. तिथे काहीच गंगेला मिळत नाही. नोंद चुकली तर ती खरवडायची नसते. तिच्या जोडीला उलटी नोंद करायची असते. चूकही वहीत राहते आणि दुरुस्तीही. उद्या येणाऱ्या तपासनिसाला दोन्ही दिसल्या पाहिजेत.

निवृत्तीनंतर मी बायबल पहिल्या पानापासून सलग वाचले. मी ख्रिस्ती नाही; वाचले ते गोष्टी लिहिणाऱ्याच्या लोभाने. या गोष्टी मराठीला परक्याही नाहीत. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली छापले गेले, आणि पंडिता रमाबाईंनी केडगावात राहून हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबल मराठीत आणले. तरी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी या ग्रंथाची ओळख नाताळच्या गोठ्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मला वाचताना नवल वाटले ते चमत्कारांचे नव्हे, या ग्रंथाच्या हिशेबनिसाचे. थोरामोठ्यांच्या चुका त्याने खोडलेल्या नाहीत.

मत्तयाचे शुभवर्तमान, म्हणजे नव्या कराराचे पहिलेच पान, येशूच्या वंशावळीने सुरू होते. आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तान्त छापतात, त्यातलाच प्रकार. कुलवृत्तान्त तयार होताना ज्याने पाहिला आहे त्याला त्यात काय गाळले जाते हेही ठाऊक असते. कर्ज बुडवून परागंदा झालेले चुलते तिथे अर्ध्या ओळीत आटोपतात. मत्तय मात्र बिनदिक्कत नोंदवतो, की यहूदाला मुले झाली ती तामारेपासून, आणि शलमोनाची आई ही उरीयाची बायको. तिचे नाव बथशेबा. नुसते नाव लिहून भागले असते. पण लेखकाने तिचे नाव न घेता, जो नवरा मारला गेला त्याचे नाव तिथे ठेवले. उरीयाकडे नंतर येतो. आधी यहूदा, कारण माझ्या मते जुन्या करारात त्याच्याइतका वाचण्याजोगा माणूस नाही.

याकोबाचा हा चौथा मुलगा. धाकटा भाऊ योसेफ बापाचा लाडका. त्याला बापाने खास झगा शिवून दिलेला. भावांनी एके दिवशी त्याला रानात गाठले, झगा काढून घेतला, कोरड्या खड्ड्यात ढकलले आणि स्वतः जेवायला बसले. या जेवणाचा उल्लेख मूळ ग्रंथात आहे, मी पदरचा घातलेला नाही. इतक्यात मिसर देशाकडे निघालेला व्यापाऱ्यांचा तांडा दिसला. यहूदाने हिशेब मांडला, की भावाला मारून आपला फायदा काय? विकू या. वीस रुपयांना, म्हणजे चांदीच्या वीस तुकड्यांना सौदा झाला. मग भावांनी बोकड मारून झगा त्याच्या रक्तात बुडवला आणि बापाकडे पाठवून दिला. निरोप असा, की हा झगा तुमच्या मुलाचाच आहे का, ओळखा. मुलगा मेला असे त्यांनी तोंडाने सांगितलेच नाही. कागदच असा तयार केला की वाचणाऱ्याने चुकीचा अर्थ काढावा. नोकरीत असे कागद मी पुष्कळ पाहिले.

पुढे यहूदा वेगळा राहू लागला. त्याची सून तामार विधवा झाली. त्या काळच्या रूढीप्रमाणे तिला धाकट्या दिराच्या पदरात घालायचे होते. यहूदाने ते टाळले आणि तिला माहेरी बसवून ठेवले. तिने युक्ती केली. बुरखा घेऊन ती वाटेवर बसली, आणि ही कोणी बाजारातली बाई आहे असे समजून यहूदा तिच्याकडे गेला. मोबदला ठरला एक करडू. पण ते हाती येईपर्यंत तिने तारण मागितले. त्याची मुद्रा, तिचा गोफ आणि हातातली काठी. आजच्या भाषेत सही, शिक्का आणि ओळखपत्र. यहूदाने नंतर करडू पाठवले, पण बाई सापडली नाही आणि तारण सुटले नाही. तीन महिन्यांनी सून गरोदर असल्याचे कळले. सासऱ्याने हुकूम सोडला, हिला बाहेर काढून जाळा. तिने आरडाओरडा केला नाही. त्या तीन वस्तू पाठवल्या आणि कोणाच्या आहेत ते ओळखा, एवढेच म्हटले.

ओळखा. हिब्रू मुळात इथे अगदी तेच शब्द आहेत जे रक्तात बुडवलेल्या झग्याबरोबर बापाकडे गेले होते. तेव्हा बोकड होता, आता करडू. यहूदाला वस्तू नाकारता आल्या असत्या. चोरीला गेल्या म्हणता आले असते. सासरा कुळाचा प्रमुख, सून एकटी. त्याने कबूल केले, की माझ्यापेक्षा हिचीच बाजू न्यायाची आहे. एका वाक्यात. सबबी सांगितल्या नाहीत.

मग दुष्काळ पडला. धान्यासाठी भाऊ मिसरात गेले. तिथला मोठा अधिकारी म्हणजे आपला विकलेला योसेफ, हे त्यांना उमगले नाही. त्याने अट घातली, की पुढच्या खेपेला धाकट्या बन्यामिनाला आणा, तरच धान्य मिळेल. बन्यामीन हा योसेफाचा सख्खा भाऊ, म्हातारपणी बापाला उरलेला एकच आधार. याकोब सोडेना. थोरला रऊबेन म्हणाला, त्याला परत आणले नाही तर माझी दोन मुले मारून टाका. बापाने त्याच्याकडे लक्ष दिले नाही, ते बरेच केले. दुसऱ्याचा जीव तारण ठेवणारा जामीन कोणत्या कामाचा? यहूदा मात्र म्हणाला, की मी स्वतः त्याचा जामीन राहतो, काही झाले तर जन्मभर दोष माझ्या माथी. याकोबाने हा जामीन स्वीकारला.

जामिनांविषयी मला दोन शब्द लिहिण्याचा अधिकार आहे. कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून सही करताना माणूस चहाचे घोट घेत असतो. नोटीस गेली की तोच माणूस येऊन सांगतो, ‘साहेब, मी नुसती सही केली होती.’ यहूदाला नोटीस लवकरच आली. योसेफाने चांदीचा प्याला बन्यामिनाच्या गोणीत लपवून ठेवला, झडतीत तो सापडला, आणि निर्णय झाला, की हा एकटा गुलाम म्हणून इथे राहील, बाकीच्यांनी सुखाने घरी जावे. जुनाच सौदा पुन्हा समोर आला होता. बापाचा लाडका धाकटा, परदेशातली गुलामी, आणि मोकळ्या सुटणाऱ्या बाकीच्या भावांसाठी पोतीभर धान्य. या वेळी तर पाप करण्याचीही गरज नव्हती. नुसते घरी जायचे होते. यहूदा पुढे झाला. म्हाताऱ्या बापाची हकिगत सांगून त्याने विनंती केली, की मुलाच्या जागी मला गुलाम म्हणून ठेवा. योसेफाला पुढे नाटक करवेना. तो मोठ्याने रडला आणि आपण कोण ते त्याने सांगितले.

बाराव्या शतकातला ज्यू पंडित मायमोनिडीज याने पूर्ण पश्चात्तापाची व्याख्या करून ठेवली आहे. तोच प्रसंग पुन्हा यावा, तेच करण्याची ताकद अंगात असावी, आणि माणसाने ते करू नये. मला ही व्याख्या अश्रूंपेक्षा अधिक भरवशाची वाटते. योसेफ विकला गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता. हा प्रसंग घडला तेव्हा ग्रंथातल्या आकड्यांनुसार एकोणचाळीसचा. म्हणजे उलटी नोंद करायला यहूदाला २२ वर्षे लागली.

आता उरीया. दावीद राजाची कथा बरीच जणांना ठाऊक असते, पण गच्चीवरून दिसलेल्या सुंदर स्त्रीपाशी आपले लक्ष अडकते. माझे अडकले ते पुढच्या कारभारापाशी. बथशेबा गरोदर राहिली. दावीदाने तिच्या नवऱ्याला आघाडीवरून बोलावून घेतले, म्हणजे तो घरी जाईल आणि सगळे झाकले जाईल. उरीया सच्चा शिपाई. सोबती उघड्यावर असताना मी घरी कसा झोपू, म्हणाला. त्याला दारू पाजून पाहिले, तरी गेला नाही. शेवटी दावीदाने सेनापती यवाबाला पत्र लिहिले, की याला ऐन लढाईत पुढे ठेवून मागे सरा. ते पत्र उरीयाच्याच हाती दिले. एक माणूस स्वतःच्या मृत्यूचा कागद इमाने इतबारे पोचता करतो. कादंबरीत कोणी लिहिले असते तर अतिरंजित म्हणून मी ते कापले असते.

मोह ही पहिली चूक. पण माणूस बुडतो तो दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या निर्णयाने, आणि प्रत्येक निर्णय आधीचा झाकण्यासाठी असतो. मी जवळून पाहिलेल्या बहुतेक अफरातफरींची सुरुवात चोरीतून झालेली नव्हती. रोखपालाला संध्याकाळी काही रुपये कमी भरले. सांगायची लाज वाटली म्हणून त्याने कोणाच्या तरी न चालणाऱ्या खात्यातून ते ‘तात्पुरते’ भागवले. त्याच संध्याकाळी साहेबांपुढे उभे राहून ज्यांनी तूट सांगितली ते बोलणी खाऊन, पैसे भरून निवृत्त झाले.

नाथान संदेष्ट्याने राजाला गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली. ती श्रीमंत शेजाऱ्याने कापून पाहुण्याला वाढली, हे ऐकून दावीद संतापला आणि चौपट भरपाईचा निकाल देऊन बसला. तो माणूस तूच, असे नाथानने सांगितल्यावर मात्र राजाने सबब काढली नाही. देवाने क्षमा केली, पण घरात एकामागून एक मृत्यू झाले. ज्यू भाष्यकारांनी दावीदाच्या मुलांवर आलेल्या चार आपत्ती मोजून ‘चौपट’चा हिशेब जुळवला आहे. मला तो जुळवलेला वाटतो. उरीयाला त्यातले काय मिळाले? आणि बथशेबेला कोणी काही विचारले, असे तर कुठेच दिसत नाही.

चौपट हा दर मोशेच्या कायद्यातला. मेंढरू चोरून कापले किंवा विकले तर बदल्यात चार. पण लुबाडणाऱ्याने आपण होऊन कबुली दिली तर मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा पुरे, अशी सवलतही त्याच कायद्यात आहे. हे माहीत असले की यरीहो शहरातल्या जक्कयाची गोष्ट वेगळीच दिसते. हा मुख्य जकातदार, श्रीमंत, ठेंगणा. येशूला पाहायला झाडावर चढला. मराठी बायबलात ते उंबराचे झाड आहे, त्यामुळे गोष्ट आपल्या गावातलीच वाटते. येशू त्याच्या घरी उतरला, लोक कुरकुरले, आणि जक्कयाने उभे राहून सांगितले, की अर्धी मालमत्ता गोरगरिबांना, आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत. पाचव्या हिश्शाची सवलत त्याने घेतली नाही. बँकेची खोड म्हणून मी आकडेमोड केली. मालमत्ता शंभराची धरली तर पन्नास गेले; उरलेल्या पन्नासात चौपटीने फक्त साडेबारा रुपयांची लबाडी फिटते. त्याहून एक पैसा जास्त खाल्ला असेल तर जक्कय त्या दिवशी कफल्लक. बोलण्यापूर्वी त्याने हा हिशेब केला नसेल, असे मला वाटत नाही. जन्म त्यातच गेलेला.

राहिला दुसरा यहूदा. मराठी बायबलात दोघांचे नाव एकच आहे, कारण मुळातही ते एकच आहे. पहिल्याने भावाला विकले वीस तुकड्यांना, दुसऱ्याने गुरूला तीस. या इस्कर्योत यहूदाविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मत्तयाच्या वृत्तान्तात तो पस्तावला, निर्दोष माणसाला धरून दिल्याचे त्याने तोंडाने कबूल केले, आणि सगळी रक्कम परत नेली. कबुली, खेद, परतफेड. जक्कयाने याहून वेगळे काय केले? पण ज्या याजकांनी पैसे मोजून दिले होते त्यांनी सांगितले, की त्याचे आम्हांला काय, ते तुझे तू पाहा. त्याने नाणी मंदिरात फेकली आणि जाऊन गळफास घेतला. मग त्या मंडळींची सभा भरली. रक्ताचे मोल म्हणून ही रक्कम मंदिराच्या खजिन्यात जमा करता येत नाही, असा नियम निघाला, आणि तिच्यातून परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचे शेत घेतले. ज्यांना पैसे देताना नियम आठवला नव्हता, त्यांना परत घेताना आठवला.

त्याच रात्री पेत्रही चुकला होता. अंगणात निखाऱ्यांशी शेकत असताना त्याने गुरूला तीनदा नाकारले, कोंबडा आरवला. पुढे गालीलातल्या सरोवराकाठी पुन्हा निखारे पेटलेले होते, आणि येशूने त्याला तीनदाच विचारले, माझ्यावर प्रेम आहे का. जितक्या वेळा नकार तितक्या वेळा विचारणा. एकही नोंद सुटली नाही. पेत्राला ते विचारणारे कोणी भेटले. यहूदा चुकीच्या खिडकीवर गेला, आणि खिडकी बंद झाली.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी म्हणून ही खिडकी नीट पाहावी असे मला वाटते. मुलाने मोबाइलवरच्या कर्जाच्या अ‍ॅपवरून पैसे उचलले, एक फेडायला दुसरे काढले, आणि आकडा घरी सांगण्यापलीकडे गेला, अशी प्रकरणे ओळखीतले लोक अजून माझ्याकडे घेऊन येतात. बँकेत होतो म्हणून. बहुतेक वेळा कर्जाचा मार्ग निघतो. हप्ते पाडता येतात, तडजोड होते. अवघड असते ते एवढेच, की मुलगा पहिल्या महिन्यात का बोलला नाही, हे बापाला समजावून सांगणे. तो बोलायला आलेला असतो. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलेला असतो. ‘तुझे तू बघ’ हे वाक्य त्या घरात इतर कशाकशावरून इतक्यांदा बोलले गेलेले असते, की या वेळी ते कोणी म्हणावे लागत नाही.

योसेफाने भावांना जवळ घेतले, मिसरात वतन दिले, बापाला शेवटची १७ वर्षे सुखात ठेवले. मग याकोब वारला, आणि भावांना धडकी भरली, की आता हा सूड घेणार. विक्रीला तोवर ३९ वर्षे झाली होती. त्यांनी समोर न येता निरोप पाठवला, की आम्हांला क्षमा कर, असे वडिलांनी जाण्यापूर्वी सांगून ठेवले होते. वडील तसे म्हणाल्याचे ग्रंथात आधी कुठेही नाही. पुन्हा एक कागद तयार केलेला दिसतो. निरोप ऐकून योसेफ रडला.