आत बसलेला मुकादम

"आपल्याला न्हाय जमायचं."

वडूजच्या बसस्टँडवर ऐका, वस्तीत ऐका, आमच्या सूतगिरणीच्या कँटीनमध्ये ऐका. पोरगी बारावी चांगल्या मार्कांनी पास होते, नर्सिंगचा फॉर्म आणते आणि ट्रंकेत ठेवून देते. का? तर "आपल्यातलं कोण गेलंय तिकडं?" दहा वर्षं फ्रेमवर उभा राहिलेला गडी. आवाजावरनं सांगतो कुठला स्पिंडल आजारी आहे. जॉबरच्या जागेला नाव द्यायची वेळ आली की हा कालच्या पोराकडं बोट करतो. "त्याला बोलता येतंय झ्याक." आरं, फ्रेम काय बोलण्यावर चालते?

आता गावोगाव टाय लावून भाषणं देणारे शहाणे निघालेत. ते सांगतात, तुमचा शत्रू तुमच्या मनात आहे. सकाळी आरशापुढं उभं राहा, "मी करू शकतो" असं दहा वेळा म्हणा. टाळ्या पडतात, पाकीट मिळतं, गाडी जाते. या शहाण्यांना माझा सवाल आहे: मनात तो आला कुठनं? आईच्या पोटातनं कुणी "मी नालायक" म्हणत जन्माला येतो काय? हा आतला आवाज म्हणजे बाहेरनं आत बसवलेला मुकादम आहे. बसवणारा निवांत झोपलाय. बिनपगारी मुकादम मिळाल्यावर त्याला जागं राहायची काय गरज?

तो कसा बसवतात, ते गिरणीतच बघा. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्याचा पगार सुतखात्यापेक्षा जास्त. पण धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडानं ओढून काढावं लागायचं. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा दुसरा कामगार तोंडाला कसा लावणार? झालं! विणाई खातं आपल्याला बंद. हे भटजीनं केलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या कामगारानं केलं, ज्याच्या हातात लाल बावटा होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांपुढं रोखठोक टाकला, तेव्हा त्यांची अडचण झाली.

आता पुढची गंमत बघा. माझा आज्जा साठ सालानंतर गिरणीत लागला. तोवर कायदा झाला होता, घटना आली होती. तरी तो म्हणायचा, "रिंगखातं हेच आपलं खातं. विणाईत आपला हात बसत न्हाय." हात बसत नाही! ज्या खात्याच्या दारातच उभं राहू दिलं नाही, तिथं हात कधी बसवून बघितला होता? आधी बंदी येते. मग बंदीची सवय होते. मग सवयीला आपण आपला स्वभाव म्हणतो, आणि चौथ्या पिढीला तो रक्तात असल्यासारखा वाटतो.

आपल्या खटाव तालुक्याची गोष्ट तर पाठ करून ठेवावी अशी. १९०१ साली इथं दुष्काळी तलावाच्या कामावर रामजीबाबा कॅशियर होते. साताऱ्याहून त्यांना भेटायला निघालेली पोरं मसूर स्टेशनावर उतरली. अंगावर चांगले कपडे. स्टेशनमास्तरनं विचारलं तेव्हा भिवा खरं बोलून गेला आणि मास्तरचं तोंड बदललं. गाडीवाले तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर आला, पण पोरांनी गाडी स्वतः हाकायची, मालक बाजूनं चालणार! रात्री टोलनाक्यावर पाणी हवं होतं. गाडीवानानं सल्ला दिला, मुसलमान आहोत म्हणून सांगा. पोरानं तसं सांगितलं. तरी पाणी मिळालं नाही. भाकरी असून उपाशी झोपले.

त्या गाडीवानाचा सल्ला आजही पोरांच्या कानात बोलतोय. पुण्यात खोली घेताना आडनाव गिळ. हापिसात चौदा एप्रिलचं नाव काढू नको. बाबुराव बागुलांनी १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' लिहून दाखवून दिलं की चोरूनही मार चुकत नाही.

आणि हो, आपल्यातल्या पुढाऱ्यांनाही सोडणार नाही. "सगळी व्यवस्थाच मनुवादी, आपण काय करणार?" असं म्हणून चहा ढोसत बसणारे. बाबांनो, हाही तोच मुकादम आहे, निळा सदरा घालून आलेला. त्यालाही तू जागचा हललेला नकोच आहेस.

मग खरी अडचण कुठली आणि मुकादम कुठला, हे ओळखायचं कसं? अडचणीला आकडा असतो. फी इतकी, एसटी इतक्या वाजता, नाईट शिफ्ट आठवड्यातनं इतक्यांदा. तिच्याशी भांडता येतं, समाजकल्याणच्या हापिसात जाता येतं, युनियनमध्ये ओरडता येतं. मुकादमाकडं आकडा नसतो. तो पेपर बघायच्या आधीच निकाल सांगतो. आणि तो "तू" म्हणत नाही, "आपण" म्हणतो, "आपल्यातलं" म्हणतो. एका माणसाला अडवायला सगळी जात आडवी घालतो. "पायरी ओळखून राहा" असं कुणी म्हणालं, मग ती सख्खी आई का असेना, तर विचारा: आये, ही पायरी बांधली कुणी?

त्या पोरीच्या फॉर्मला अजून मुदत आहे. वस्तीतल्या चौघांनी वर्गणी काढली तर फी भरते, त्यासाठी आरसा लागत नाही.

आणि तुम्ही, जे वहीच्या मागच्या पानांवर कविता लिहून वही गादीखाली ठेवता, "आपली भाषा कुठं छापतात?" म्हणता... वाटेगावचे अण्णाभाऊ शाळेत दीडेक दिवस टिकले, मुंबईत गिरणीत राबले आणि १९५९ साली 'फकिरा' देऊन गेले. या अंकाला पाठवा. ऱ्हस्व-दीर्घ बघू, नाहीतर तसंच छापू.